रद्दी नव्हे, अजून पैसेच आहेत

'१ जानेवारी २०२१ नंतर कॅनडाच्या एक आणि दोन डॉलरच्या नोटा म्हणजे निव्वळ रद्दी' हे लेखातलं वाक्य चुकीचं आहे. त्या दिवशी १, २, २५, ५०० आणि १००० डॉलरच्या नोटांचं कायदेशीर चलन म्हणून असलेलं स्थान गेलं. म्हणजे दुकानदार त्या नाकारू शकतो, एवढंच. तिथली मध्यवर्ती बँक, म्हणजे बँक ऑफ कॅनडा, आजही त्यांची दर्शनी किंमत देते. आपल्याकडच्या नोटाबंदीसारखी 'अमुक तारखेपर्यंत बदला, नाहीतर गेल्या' अशी भानगड तिथे नाही.

माझे सासरे सत्तरच्या दशकात टोरांटोला गेले. त्यांच्या कपाटात दोन डॉलरच्या नऊ नोटा निघाल्या, मागे रॉबिन पक्ष्यांची जोडी असलेल्या, १९८६च्या मालिकेतल्या. मी हुरळून नाण्यांच्या दुकानात गेले. त्या माणसाने एकेक नोट उजेडात धरली, मधली घडी दाखवली आणि म्हणाला, "खर्चून टाका!" वापरलेल्या नोटेला संग्राहक विचारत नाहीत. १९५४च्या मालिकेत राणीच्या केसांत सैतानाचा चेहरा दिसतो म्हणून गाजलेल्या नोटा असतील, किंवा क्रमांकाआधी तारा असेल, तर गोष्ट वेगळी.

आणि हो, एक डॉलरच्या नाण्यावर लून पक्षी आला तो अपघातानेच. ओटावाहून विनिपेगला जाताना नावाड्यांच्या चित्राचे मूळ साचे हरवले, म्हणून १९८७ला चित्र बदललं. लेखात हे कसं नाही? साचे हरवले नसते, तर त्या नाण्याला 'लूनी' हे टोपणनावच पडलं नसतं.