बडोद्यात बसून: ‘दर्यावर्दी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘दर्यावर्दी’ या टोपणनावाच्या वाचकांनी देवमाशांच्या स्थलांतरावरच्या माझ्या लेखाखाली प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारं इंद्रिय देवमाशांत आजवर कोणालाच सापडलेलं नाही, तरी मी ते असल्याच्या थाटात लिहिलं. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, न्यूझीलंडमध्ये तर चुंबकत्वाशी संबंध दिसलाच नाही आणि हे मी ‘सोयीस्करपणे गाळलं’. सागरी प्रवाहांवर मी पुरेसं लिहिलं नाही. परिच्छेद फार लांब. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “बडोद्यात बसून समुद्र शिकवायला निघालेल्यांनी आधी एकदा किनारा पाहून यावा, सुरसागरात देवमासे नसतात.” (सुरसागर म्हणजे आमच्या बडोद्यातला तलाव.)

परिच्छेदांचं मान्य. माझ्या सुनेचीही तीच तक्रार आहे, मोबाइलवर वाचताना बोट दुखतं म्हणते. यापुढे तोडून लिहीन.

आता ते शेवटचं वाक्य. मतभेदाचं मला काही नाही, उलट या जागेवर मतभेद होतात म्हणून मी लिहितो. पण एखाद्याचं म्हणणं खोडायचं सोडून त्याचं गाव खोडायला निघायचं, ही कुठली रीत? आपण मालाडला राहता असं आपल्या प्रोफाइलवर दिसतं. आनंद आहे. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर दुधात साखर. पण मालाडच्या खिडकीतून हंपबॅक व्हेल दिसतात असं अजून माझ्या ऐकिवात नाही.

आणि बडोद्याचा समुद्राशी संबंध नाही हे आपल्याला कोणी सांगितलं? सयाजीराव महाराजांचं राज्य म्हणजे फक्त मांडवी आणि लक्ष्मीविलास पॅलेस नव्हतं. द्वारका, ओखा, बेट द्वारका हा सगळा ओखामंडळ प्रांत गायकवाडांचा, कोडिनार गायकवाडांचं. तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करायला बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल यांना नेमलं आणि त्यांच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली छापूनही आला. संस्थानाच्या पैशाने समुद्रतळाचे जीव मोजले गेले, तेव्हा आजचं मालाड काय होतं ते आपणच पाहा. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा अख्खा सांगाडा आहे. महीच्या मुखाशी लागलेला तो प्राणी. बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरातलं पोर कधी ना कधी त्याच्या बरगड्यांखाली तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं असतं. मीही राहिलो. तेव्हा सुरसागराचा विनोद आपल्यापाशीच असू द्या.

माझ्याबद्दल लिहायची इच्छा नव्हती, पण आता लिहितोच. दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलेला हा मनुष्य जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. मर्चंट नेव्हीत. सॅटेलाइट आले, १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांची स्वयंचलित संकटसंदेश यंत्रणा, पूर्ण लागू झाली आणि आमची जमात संपली, ती गोष्ट वेगळी. पण त्याआधी अरबी समुद्र, हिंदी महासागर, केपला वळसा, हे सगळं मी नकाशात बोट फिरवून पाहिलेलं नाही. रेडिओ रूम ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीच्या, मागेच असायची. रात्री बाराच्या वॉचला सेकंड मेट, म्हणजे जहाजाची वाट आखणारा अधिकारी, चार्टवर काय करतो ते मी चहाचा मग हातात धरून पाहिलेलं आहे. जहाजाचं तोंड दिलेल्या अंशावर ठेवणं ही अर्धीच गोष्ट असते. तोंड बरोबर दिशेला असूनही प्रवाह जहाजाला आडवं ढकलत राहतो आणि सकाळी ताऱ्यांवरून पोझिशन काढली की कळतं, आपण ठरलेल्या रेषेच्या बरेच खाली उतरलो आहोत. मग दुरुस्ती. होकायंत्र तुम्हाला तोंड कुठे आहे ते सांगतं. तुम्ही कुठे आहात ते सांगत नाही.

हे ज्याने पाहिलंय त्याला ट्रॅव्हिस हॉर्टन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा निबंध वाचताना काय वाटतं ते मालाडहून कळणं कठीण आहे. त्यांनी दक्षिण अटलांटिक आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या हंपबॅकांवर लावलेल्या सॅटेलाइट टॅगच्या नोंदी तपासल्या. साडेसहा हजार किलोमीटरहून लांबचे प्रवास. त्यात दोनशे किलोमीटरहून लांब असे सरळ टप्पे आढळले, पोहायला कित्येक दिवस लागणारे, आणि अनेकदा दिशेतला फरक एका अंशाच्याही आत. पृष्ठभागावरचे प्रवाह बदलते असताना! म्हणजे तो प्राणी नुसतं तोंड एका दिशेला ठेवत नाही, तर ढकलला गेल्याचं त्याला कळतं आणि तो भरपाई करतो. आमच्या सेकंड मेटला यासाठी ताऱ्यांची उंची मोजायला सेक्स्टंट, अचूक वेळेसाठी क्रोनोमीटर, पंचांग आणि स्वच्छ आकाश लागायचं. (प्रवाहांवर मी पुरेसं लिहिलं नाही म्हणता, त्याचं उत्तर याच परिच्छेदात आलं. मूळ लेखातही होतं. लांब परिच्छेदात असल्यामुळे सुटलं असेल.)

आणि याच निबंधाच्या लेखकांचं म्हणणं आहे की इतक्या अचूकपणाचा खुलासा आज माहीत असलेल्या दिशाज्ञानाच्या सिद्धांतांनी नीट होत नाही, वेगळे मार्ग तपासायला हवेत. सूर्य असो वा चुंबकत्व, एकट्याने भागत नाही. मीही लेखात तेच लिहिलं होतं. ‘असल्याच्या थाटात’ हा थाट आपल्याला कुठल्या ओळीत दिसला ते कळवाल तर उपकार होतील.

इंद्रिय सापडलं नाही, हे खरं. पण ते शोधायचं कसं, याचा विचार आपण केलात का? उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या केनेथ लोहमन यांनी समुद्री कासवांची नुकती जन्मलेली पिल्लं टाकीत सोडली, भोवती तारेची वेटोळी बसवली आणि अटलांटिकच्या वेगवेगळ्या भागांतलं चुंबकीय क्षेत्र कृत्रिमरीत्या निर्माण केलं. पिल्लांनी त्या त्या ठिकाणी असल्यासारखी दिशा बदलली. हा सरळ प्रयोग, २००१ साली प्रसिद्ध झालेला. आता पंचवीस-तीस टनांच्या हंपबॅकसाठी केवढी टाकी बांधणार? तेव्हा देवमाशांच्या बाबतीत जे काही हाती लागतं ते आडून लागतं. आडून लागलेला पुरावा म्हणजे पुरावाच नव्हे, असं म्हणणाऱ्याने खगोलशास्त्राची सगळी पुस्तकं रद्दीत घालावीत.

किनाऱ्याला लागण्याच्या आकड्यांबद्दल. १९८५-८६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मार्गारेट क्लिनोव्स्का आणि अमेरिकेत जोसेफ किर्शविंक यांनी, जिथे चुंबकीय क्षेत्र स्थानिक पातळीवर क्षीण असतं तिथे देवमासे किनाऱ्याला जास्त लागतात, असं दाखवलं. ते आपण बाजूला ठेवा. पण ड्यूक विद्यापीठातल्या जेसी ग्रेंजर यांचं २०२० चं काम बाजूला ठेवता येणार नाही. ग्रे व्हेल मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या खाजणांतून निघून अमेरिकेच्या किनाऱ्याने बेरिंग आणि चुक्ची समुद्रापर्यंत जातो. किनारा धरून चालणारा प्राणी, त्यामुळे जरा चुकला की थेट वाळूवर. ग्रेंजर यांनी ३१ वर्षांतल्या १८६ घटना घेतल्या, त्यातून आजारी, उपाशी, जखमी जनावरं आधीच वगळलेली. सूर्यामुळे रेडिओ लहरींचा गोंगाट वाढलेल्या दिवशी असा अपघात होण्याची शक्यता सुमारे ४.३ पट निघाली. सूर्याच्या खळबळीने चुंबकीय क्षेत्र किती हललं, याच्याशी मात्र तसा संबंध लागला नाही.

हा शेवटचा मुद्दा माझ्या धंद्यातला आहे म्हणून सांगतो. सूर्यावर भडका उडाला की शॉर्टवेव्ह मरते. दिवसाढवळ्या बॉम्बे रेडिओला हाका मारत बसायचं आणि हेडफोनमध्ये नुसती खरखर. स्टेशन जागच्या जागी असतं, आपला अँटेना ठीक असतो, पण ऐकू येत नाही. कॅप्टन दारात उभा राहून विचारतो, “स्पार्क्स, काय झालं?” आणि सांगायला काही नसतं. ग्रेंजर यांच्या आकड्यांचा कल तोच आहे: नकाशा बिघडत नाही, वाचणारं इंद्रिय तात्पुरतं बहिरं होतं. आणि बहिरं व्हायला आधी ऐकणारं काहीतरी असावं लागतं. मला हे पटतं. आपल्याला पटत नसेल तर दुसरा खुलासा द्या. ‘योगायोग’ हा खुलासा नव्हे, ती कंटाळ्याची खूण आहे.

न्यूझीलंडचा १९९४ चा अभ्यास मी वाचलेला आहे. तो कळपाने किनाऱ्याला लागण्याच्या जागांचा होता. इथे विषय लांबच्या स्थलांतराचा चालू आहे. त्यापलीकडे त्यावर वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

‘देवमासे सोनारने (आवाजाच्या प्रतिध्वनीने) वाट काढतात हे शाळेतलं पोरही सांगेल’ असंही आपण मध्येच लिहिलंत, तेही मिटवून टाकू. प्रतिध्वनीने शिकार हेरणारे ते दातवाले: स्पर्म व्हेल, डॉल्फिन वगैरे. हंपबॅक, ब्लू, ग्रे हे झालरवाले, म्हणजे तोंडात दातांऐवजी गाळणीसारखी झालर असलेले, त्यांच्यात तशी सोय असल्याचं दिसत नाही. त्यांचे खर्जातले आवाज शेकडो किलोमीटर जातात, ते ऐकून त्यांना काही अंदाज येत असेल तर ती गोष्ट निराळी. शाळेतल्या पोराला एवढं सांगा.

एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो, म्हणजे पुढच्या प्रतिक्रियेत वापरता येईल. सगळे हंपबॅक ध्रुवाकडे जात नाहीत. आपल्या अरबी समुद्रातले बारा महिने इथेच असतात, आणि आता फार थोडे उरलेत, कारण १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यांलगत २४२ मारले, तेही चोरून. त्यांच्यातली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ टॅग लावल्यावर सरळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या बाजूला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. थंड पाण्याकडून उबदार पाण्याकडे जायचं, ही साधी खूण तिच्या कामाची नव्हती. इकडे यायचं कोणी शिकवलं? आईने? लहानपणी आईसोबत पाहिलेली चरण्याची ठिकाणं पुढे पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवली जातात, असं राइट व्हेलच्या बाबतीत दिसलेलं आहे. २०१९ मध्ये ब्रियाना अब्राम्स यांनी कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या ब्लू व्हेलबद्दल दाखवलं की त्यांचा प्रवास त्या वर्षी खाणं कुठे आहे यापेक्षा दरवर्षी साधारण कुठे असतं, या आठवणीवर बेतलेला असतो. चुंबकत्वाला विरोधच करायचा तर हा मुद्दा धरायला हवा होता. आपण सुरसागर धरलंत.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र यापुढे कोणाच्या गावावर घसरायचं असेल तर आधी स्वतःचं नाव लिहा. माझं प्रत्येक लेखाच्या डोक्यावर असतं.