‘विरोध केला’ला इंग्रजीत काय म्हणतात?

इंग्लंडमध्ये मी अधूनमधून दुभाषाचं काम करते. या कामात ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून तपशील बदलून सांगते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका, सत्तरीच्या पुढचे, मोर्चा बघत फुटपाथवर उभे होते. गर्दी मागे सारताना एका पोलिसाची आणि शेजारच्या मुलीची काहीतरी बाचाबाची झाली आणि हे मधे पडले. आता पोलीस ठाण्यात त्यांचा जबाब चालू होता. तुम्ही नेमकं काय केलंत, असं अधिकाऱ्याने विचारलं. काका ताठ बसून म्हणाले, “मी विरोध केला.”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओठावर आलेला शब्द होता ‘रेझिस्ट’. इथल्या १९९६च्या पोलीस कायद्यात, कलम ८९मध्ये, कर्तव्यावरच्या पोलिसाला ‘रेझिस्ट’ करणं हा गुन्हा आहे आणि त्याला महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. ‘अपोज’ म्हणावं तर काका काय निवडणुकीला उभे होते? ‘प्रोटेस्ट’ म्हटलं की ते बघे न राहता मोर्चेकरी ठरतात. ‘ऑब्जेक्ट’ तर फारच पिळपिळीत. दुभाषाने अशी निवड आपल्या मनाने करायची नसते. अधिकाऱ्याची परवानगी घेऊन मी विचारलं, “काका, विरोध केला म्हणजे काय केलंत?”

“काय म्हणजे? म्हणालो, अहो, असं ढकलू नका तिला.”

हात लावलात का, हे मग अधिकाऱ्यानेच विचारलं. “छे हो! हात कशाला लावीन? तोंडाने सांगितलं.”

तेव्हा मी ‘ऑब्जेक्ट’ म्हणाले.

मराठीत ‘विरोध’ हा शब्द किती ठिकाणी राबतो बघा. धरणाला विरोध, लग्नाला विरोध, विधेयकाला विरोध, पोलिसांना विरोध. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं शरीर आहे. ‘डिसेंट’ डोक्यात आणि कागदावर असतो. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या चार विरुद्ध एक अशा निकालात न्यायमूर्ती खन्नांनी लिहिला तो ‘डिसेंट’. ‘प्रोटेस्ट’ला निदान एक फलक लागतो. ‘डिफाय’ करायला हुकूम देणारा समोर हवा आणि डोळ्याला डोळा हवा. ‘रेझिस्ट’ करणारा जागचा हलत नाही, चालून येतो तो समोरचा. आणि ‘अपोज’ इतका सभ्य झालाय की त्याला सरकारी पगार मिळतो. ब्रिटनमध्ये विरोधी पक्षनेत्याला १९३७च्या कायद्याने पगार सुरू झाला, आपल्या संसदेत १९७७च्या. इथे तर त्या पक्षाच्या नावामागे ‘राजनिष्ठ’ असं विशेषणही लावतात. सरकार पाडायला रोज झटायचं आणि तरी राजनिष्ठ. घरच्या ग्रुपवर मी एकदा हे लिहिलं, तर एका भावाने हसून रडणाऱ्या तोंडांची रांग पाठवली.

त्याच ग्रुपवर जून २०२२मध्ये जे रणकंदन झालं त्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. शिवसेनेचे आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले होते आणि मी इथे ऑफिसात मांडीवर फोन ठेवून बघत होते. ठाकऱ्यांकडचे म्हणत, गद्दारी. शिंद्यांकडचे म्हणत, हे बंड नाही, उठाव आहे. दोन मामेभाऊ या दोन शब्दांवरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘रेबेल’ आमदार लिहून विषय मिटवला. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा मी ‘उठाव’चं सरळ ‘अपरायझिंग’ केलं. त्याचा चेहरा उतरला. किती माणसं गेली, म्हणाला.

चूक माझीच. ‘अपरायझिंग’ काय किंवा ‘इन्सरेक्शन’ काय, दोन्हींत आपल्या ‘उठाव’सारखंच उठणं आहे, पण उठायला आधी खाली असावं लागतं. ते मंत्र्यांना कसं जमणार? ‘रेबेल’चं मूळ लॅटिनमधल्या ‘पुन्हा युद्ध’मध्ये आहे. जिंकलेल्या लोकांनी परत शस्त्र उचललं की ते ‘रेबेल’. म्हणजे आधी मान तुकवलेली हवी, परका माणूस ‘रेबेल’ होऊच शकत नाही. आपला बंडखोरही तसाच, पक्षाने तिकीट नाकारल्यावर अपक्ष अर्ज भरणारा, काल याच झेंड्याखाली फिरलेला. आणि ‘गद्दार’ म्हणताना आपण पक्षघटना बघत नाही, खाल्लेलं मीठ बघतो. गुवाहाटीत जे घडलं त्याला राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत १९८५पासून एक शब्द आहे, पक्षांतर. तो वकिलांनी वापरला, रस्त्यावर कुणी वापरला नाही. घोषणेत बसत नाही तो. ब्रिटिश संसदेत पक्षादेश मोडून मत देणाऱ्यालाही ‘रेबेल’च म्हणतात. फरक एवढाच की त्याला लपवायला कुणी हॉटेल शोधत नाही.

सगळ्यात जाचक शब्द मला ‘म्युटिनी’ वाटतो. तो मुळात फौजेचा आणि जहाजावरचा. नोकरीत असलेल्या माणसांनी मिळून वरिष्ठाचा हुकूम मोडला, की झाली ‘म्युटिनी’. हुकूम काय होता, तो देणारा त्या देशात कशाला आला होता, हे प्रश्न शब्दाच्या उंबऱ्याबाहेरच राहतात. १८५७ला इंग्रजांनी हाच शब्द चिकटवला, आणि आपल्याकडेही ‘शिपायांचं बंड’ बरीच वर्षं चाललं. गंमत म्हणजे शंका पहिल्यांदा त्यांच्याच संसदेत निघाली. २७ जुलै १८५७ रोजी, दिल्ली अजून परत घ्यायची होती तेव्हा, खासदार डिझरायली यांनी विचारलं की ही लष्करातली ‘म्युटिनी’ आहे की राष्ट्राचा ‘रिव्होल्ट’. सावरकरांनी पुढे ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटलं आणि समर म्हणजे युद्ध. युद्धात हुकूम मोडल्याचा प्रश्नच येत नाही, कारण समोरचा धनी नसतो, शत्रू असतो.

१९४६ची गोष्ट तर मुंबईतली. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरचे खलाशी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यांना कंटाळून काम टाकून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती नेमली आणि तिचं नाव ठेवलं संप समिती. ‘स्ट्राइक’! गिरणी कामगाराचा शब्द त्यांनी जाणूनबुजून उचलला. आम्ही नोकर आहोत, आमच्या मागण्या आहेत, बोला. ब्रिटिश आरमाराच्या लेखी ती ‘म्युटिनी’च होती, कारण गणवेशातल्या माणसाला संप करता येत नाही. आणि आपण आज ‘नाविकांचं बंड’ म्हणतो किंवा ‘नौदलाचा उठाव’. त्यांनी स्वतः निवडलेला शब्द तेवढा मागे पडला, आणि याला फक्त ब्रिटिश जबाबदार नाहीत.

सुप्याचंही तसंच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता. सरकारने चौकशी आयोग नेमला तो ‘रायट्स’चा, म्हणजे दंग्यांचा. दंगा म्हटलं की कारण विचारावं लागत नाही. जाता जाता सांगते, आज इंग्लंडमध्ये कायद्याने ‘रायट’ व्हायला किमान बारा माणसं लागतात, भारतात दंग्याला पाच पुरतात. आपण थोडक्यात भागवतो.

या सगळ्यात मराठी माणसाने ज्या शब्दाची जास्तीत जास्त किंमत मोजली तो म्हणजे ‘सेडिशन’. मूळ अर्थ ‘वेगळं जाणं’, जवळपास आपली ‘फूट’. ‘ट्रीझन’ म्हणजे निष्ठा मोडून शत्रूला मिळणं किंवा राजाच्या जिवावर उठणं. ‘सेडिशन’ला तेवढी मजल लागत नाही, बोलणं आणि लिहिणं पुरतं. १८७०मध्ये ते कलम १२४अ म्हणून भारतात आलं. १८९७च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्यातल्या ‘डिसअफेक्शन’चा अर्थ लावला, प्रेमाचा अभाव. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

१९०८च्या खटल्याकडे मी दुभाषी म्हणून बघते तेव्हा अंगावर काटा येतो. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठीतले. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून होणार होता. टिळकांनी वकील दिला नाही. सरकारी भाषांतरकाराला त्यांनी स्वतः उलटतपासणीत घेतलं, एकेका मराठी शब्दाला कुठला इंग्रजी शब्द घातला आणि का, असं खोदून विचारलं. आपल्या बचावाचं भाषण ते एकवीस तासांवर करत होते आणि त्यातही भाषांतराचा मुद्दा सोडला नाही. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं मंडाले. त्या भाषांतरकाराने शब्द मुद्दाम तिखट केले असं मी म्हणणार नाही. मला माहीत आहे त्या खुर्चीत बसून ‘विरोध’ला काय म्हणायचं हे सुचत नाही तेव्हा काय होतं. नंतर चिरोल या पत्रकाराने पुस्तकात टिळकांना हिंदुस्थानातल्या ‘अनरेस्ट’चा जनक म्हटलं. त्या पुस्तकावरून टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो १९१९मध्ये लंडनला हरले. आपण त्याच शिवीचा ‘असंतोष’ केला आणि तिची पदवी करून टाकली. एवढं चांगलं भाषांतर क्वचितच होतं.

‘सेडिशन’ला मराठीत ‘राजद्रोह’ म्हणतात, आणि शब्द अचूक आहे. राज म्हणजे सत्ता. पण वाहिन्यांच्या पट्ट्यांवर याच कलमाला सर्रास ‘देशद्रोह’ लिहिलं गेलं. सरकारवर टीका करणारा राजाचा नावडता असेल, त्याने देशाचं काय केलं? १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ठेवलं, पण हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच, असं कुंपण घातलं. मे २०२२मध्ये त्याच न्यायालयाने ते स्थगित केलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ‘सेडिशन’ नाही. गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की राजद्रोह गेला, आता देशद्रोह. जागी आलेलं कलम १५२ सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल आहे. ग्रुपवर काहींनी याचा जल्लोष केला. मला विचाराल तर वाहिन्यांचं चुकीचं मराठी कायद्यात जाऊन बसलं. राजद्रोहाचा आरोप झाला तर निदान म्हणता यायचं, हो, राजाशी भांडण आहे. देशद्रोह म्हटल्यावर तेही म्हणता येत नाही.

“तुमच्याकडे बरं आहे,” असं मला भावाने लिहिलं, कारण इंग्लंडमध्ये ‘सेडिशन’ २००९च्या कायद्याने काढून टाकलं. इथे राहून हे ऐकताना अवघडायला होतं. जुलै २०२५मध्ये इथल्या सरकारने ‘पॅलेस्टाइन ॲक्शन’ या गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातली. प्रकरण न्यायालयात गेलं ते गेलंच, पण दरम्यान त्या गटाला पाठिंबा लिहिलेला पुठ्ठा हातात धरून बसलेल्या शेकडो लोकांना पोलिसांनी धरलं. त्यात पांढऱ्या केसांच्या आजीबाईही होत्या. त्या गटाने विमानांवर रंग ओतला त्याला तोडफोड म्हणा, गुन्हा म्हणा, माझी हरकत नाही. पण पुठ्ठा धरण्याला ‘टेररिझम’च्या कपाटात ठेवलं की ‘सेडिशन’ काढल्याचं कौतुक कशाला? जुनी फाइल नव्या नावाच्या खणात गेली.

आणि अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ला संसदेत घुसलेल्या जमावाला काय म्हणायचं यावर अजून एकमत नाही. कुणाचं ‘प्रोटेस्ट’, कुणाचं ‘रायट’, कुणाचं ‘इन्सरेक्शन’. तिथे हा वाद नुसता चहाच्या कपातला नव्हता, कारण त्यांच्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार ‘इन्सरेक्शन’मध्ये भाग घेतलेला माजी पदाधिकारी पुन्हा पदावर बसू शकत नाही. मार्च २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय पदांसाठी कुणाला असं अडवायचा अधिकार राज्यांना नाही असं सांगितलं. शब्दाला हातही लावला नाही. ‘सेडिशन’च्या कटासाठी लांबलचक शिक्षा झालेलेही जानेवारी २०२५मध्ये बाहेर आले. तो दिवस हरला तेव्हा गुन्हा होता आणि त्यांचा माणूस, ट्रम्प, निवडणूक जिंकल्यावर देशभक्ती झाला. १६८८मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स पळाला ती इथे ‘रेव्होल्यूशन’, वर ‘गौरवशाली’ही. १७४५मध्ये त्याचाच नातू राज्य मागायला आला आणि हरला, ती ‘रेबेलियन’. स्कॉटलंडमध्ये कुणाशी बोलाल तर तो ‘रायझिंग’ म्हणेल.

काकांच्या जबाबाचं राहिलं. अधिकाऱ्याने टंकलेलं सगळं मी त्यांना मराठीत वाचून दाखवायचं होतं. त्या ओळीपाशी आले आणि वाचलं, “मी हरकत घेतली.”

“हरकत?” काका खुर्चीत पुढे सरकले. “अहो ताई, हरकत घरमालक घेतो, खिळा ठोकला की. मी विरोध केला. विरोध लिहा.”

अधिकाऱ्याची बोटं कीबोर्डवर थांबली होती. काय म्हणतायत ते, असं त्याने मला विचारलं.