थकव्यावर इलाज म्हणे!

पुण्यातल्या एका कॅफेत आज भिंतीवर कॅमल सिगारेटची जुनी अमेरिकन जाहिरात दिसली, झकास फ्रेम करून लावलेली. ‘गेट अ लिफ्ट विथ अ कॅमल!’ थोडक्यात, दमलात? ओढा एक, तरतरी येईल. शेजारच्या टेबलावरची मंडळी तिच्यासोबत सेल्फी काढत होती. “किती निरागस काळ होता ना!” डोकंच फिरलं माझं.

निरागस कसला? 1930च्या दशकातली, मंदीतली अमेरिका ती. हाताला काम असेल तो राबून पिचलेला, नसेल तो काळजीने. त्या माणसाला आर. जे. रेनॉल्ड्स कंपनी सांगत होती, तुझा थकवा आम्ही घालवतो. वर विज्ञानाची झूल! सिगारेटने रक्तातली साखर वाढते, असं येल विद्यापीठातल्या दोघांनी 1934 मध्ये मांडलं होतं. जाहिरातीत त्याचं झालं, अंगातली ऊर्जा मोकळी होते. कॅमलच्या जाहिरातींत बेसबॉलचा लू गेरिगसुद्धा होता. खेळाडूंच्या तोंडी वाक्य काय, तर हिने दम लागत नाही!

दम लागत नाही म्हणे. माझा मामा कोल्हापूरहून वाशीला गुळाचा ट्रक न्यायचा. लहानपणी सुट्टीत मी केबिनमध्ये बसायचो. खंबाटकी घाट संपला की तो कोपराने स्टिअरिंग धरायचा, ओंजळीत काडी पेटवायचा आणि म्हणायचा, “एक झुरका मारला की झोप पळतीया बघ.” त्याने कॅमलचं नावही ऐकलं नव्हतं. पण वाक्य तेच!

बरं, निकोटिनने घटकाभर हुशारी वाटते, मान्य. पण सवय लागल्यावर सिगारेट न मिळाल्याने जी मरगळ येते, तीच पुढच्या सिगारेटने उतरते. आजार त्यांचा, औषधही त्यांचंच. आणि मामाला खरी गरज होती ती झोपेची. मालकाला ती परवडत नव्हती, झुरका परवडत होता.

त्या पोरांवर मी उगाच चिडलो. चित्र देखणं आहेच, आणि त्यांच्या घरात कुणी खोकत नसेल तर त्यांना तरी काय दिसणार?

पण कंपनीला माफी नाही. थकवा जातो, पचन सुधारतं हे दावे बंद करा, असा आदेश अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने काढला तो 1950 मध्ये. तोवर 1946 पासून यांचं नवं पालुपद सुरू झालेलं, सर्वात जास्त डॉक्टर कॅमलच ओढतात!

आपल्याकडे 2003च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. कागदावर. मग हे वेलचीच्या डबीसाठी कोट घालून नाचणारे हिरो कोण? एवढी कोट्यवधींची वेलची खातं कोण, ते तरी सांगा!

मामा शेवटी शेवटी आमच्या घरी आला की जिन्यात मध्येच टेकायचा आणि चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचा. अंगठा धड असायचा. आम्ही सगळे न बघितल्यासारखं करायचो. साठीही गाठली नाही त्याने.

आता खाली कुणीतरी लिहिणारच, ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढायचे, काही झालं नाही.’ तुमच्या आजोबांना माझा साष्टांग नमस्कार. कमेंट टाकू नका.