सहा मिनिटांचं अंतर वाढलं, म्हणजे हृदय बरं झालं?

हार्ट फेल्युअरच्या (हृदय शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही अशा) पेशंटांसाठी एक मेसेज जोरात फिरतोय: घरी तीन महिने व्यायाम करा आणि ट्रेडमिलवर सहा मिनिटं चालून बघा. अंतर वाढलं तर हृदय बरं झालं, नाही वाढलं तर व्यायाम फुकट. डॉक्टरांना विचारायची गरज नाही.

आधी ट्रेडमिल. सहा मिनिटं चालण्याची ही चाचणी खरं तर सपाट, टणक जमिनीवर, शक्यतो 30 मीटरच्या सरळ मार्गावर घेतात. वेग पेशंट ठरवतो. दम लागला तर तो थांबतो, घड्याळ थांबत नाही. ट्रेडमिलवर पट्ट्याशी जुळवून चालावं लागतं, त्यामुळे तिथला आकडा इथल्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

‘अंतर वाढलं’ हेही दिसतं तितकं सरळ नाही. दुसऱ्या खेपेला बरेच जण नुसत्या सरावानेच जास्त चालतात, म्हणून सुरुवातीलाच दोनदा चालवून मोठा आकडा धरतात. शिवाय बोलण्याचा परिणाम. गायट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवलं की प्रोत्साहन दिलं की अंतर सुमारे 30 मीटरने वाढतं. गंमत अशी, की हार्ट फेल्युअरमध्ये पेशंटला जाणवेल असा फरकही साधारण तेवढाच मानतात! पहिल्या वेळी गप्प उभा असलेला मुलगा तीन महिन्यांनी ‘चला बाबा, अजून थोडं’ म्हणत राहिला, तर व्यायाम न करताही सुधारणा कागदावर उमटेल. म्हणूनच प्रमाणित चाचणीत काय बोलायचं आणि कधी, हे ठरलेलं असतं.

समजा वाढ खरी आहे. तरी तिचं बरंचसं श्रेय पायांच्या स्नायूंना आणि रक्तवाहिन्यांना जातं. हृदयाची पंपिंग क्षमता तेवढी सुधारलीच असेल असं नाही. पाणी उतरवणारी गोळी बदलली तरी चालणं बदलतं.

आणि ‘फुकट’? एचएफ-अ‍ॅक्शन या 2331 पेशंटांच्या अभ्यासात आधी देखरेखीखाली, मग घरी व्यायाम होता. तीन महिन्यांनी व्यायामगटाची मध्यक वाढ 20 मीटर, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाची 5. हा फरक हजारोंच्या गटात दिसतो, एकट्याच्या वहीत तो सहज हरवतो. घरच्या व्यायामाच्या रीच-एचएफ अभ्यासात तर चालण्याच्या (वेगळ्या प्रकारच्या) चाचणीत ठळक फरक पडला नाही, पण रोजच्या जगण्याच्या दर्जाचे गुण सुधारले.

राहिला डॉक्टरांचा मुद्दा. नुकताच हार्ट अटॅक आलेला असेल किंवा बसल्या जागी छातीत दुखत असेल, तर ही चाचणी दवाखान्यातही घेत नाहीत. मग घरी करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.