शिळा ब्रेड कडक का होतो? एक खुलासा

"ब्रेडमधलं पाणी उडून गेलं की तो कडक होतो, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवा," असा संदेश फिरतो आहे. यातलं निदान अर्धवट आहे आणि उपाय तर उलटाच.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं, की हवाबंद ठेवून पाणी जराही कमी होऊ दिलं नाही, तरी ब्रेड शिळा होतोच. कारण आहे स्टार्चची रचना. भाजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची मूळची घट्ट बांधणी विस्कटते आणि ब्रेड दाताखाली मऊ लागतो. थंड झाल्यावर स्टार्चच्या साखळ्या, विशेषतः अमायलोपेक्टिन या स्टार्चमधल्या फांद्याफांद्यांच्या रेणूच्या फांद्या, पुन्हा एकमेकींना बिलगून स्फटिक बनवतात. पाणी आतच असतं, तरी घास कोरडा वाटतो! आणि हे स्फटिक सर्वांत वेगानं तयार होतात ते गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे नेमके फ्रिजमध्ये.

वरच्या कवचाचं मात्र वेगळं. आतला ओलावा तिकडे सरकतो, त्यामुळे ते कुरकुरीत न राहता चिवट होतं.

फ्रिजमध्ये बुरशी उशिरा धरते, हे खरं. पण मऊपणा हवा असेल, तर दोन दिवसांपुरता ब्रेड बाहेर झाकून ठेवा आणि उरलेला फ्रीझरमध्ये. कडक झालेला ब्रेड लगेच टाकू नका. ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गरम केला की बरेचसे स्फटिक वितळतात आणि तो पुन्हा मऊ होतो. मात्र तो गरम असतानाच खा.