पाहुणा थांबला पाहिजे!

पतसंस्थेची वेबसाइट करायला घेतलीत ना? मग पहिलं काम स्लायडरचं, म्हणजे पानाच्या माथ्यावर एकामागून एक सरकत जाणाऱ्या फोटोंचं. ठेवींचे व्याजदर, शाखांचे पत्ते असलं किरकोळ काहीबाही खाली कुठेतरी बसेल. वर अध्यक्षांचं दीपप्रज्वलन, उपाध्यक्षांचं दीपप्रज्वलन (समई तीच, हात वेगळा), नव्या शाखेची फीत आणि प्रत्येक संचालकाचा एकेक सत्कार, असे निदान दहा फोटो हवेतच. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठाची 2013 साली मोजदाद झाली, तेव्हा जेमतेम एक टक्का लोक स्लायडरवर क्लिक करत होते आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. असेल. त्यांना संचालक मंडळाची निवडणूक लढवायची नव्हती. तुम्ही नववा फोटो वगळून दाखवा, मग कळेल.

फोटोग्राफरने दिलेला फोटो तसाच्या तसा चढवा, 6000 बाय 4000 पिक्सेल. मोबाइलवर तो बोटभर उंचीचा दिसणार, पण साहेबांच्या शालीचा धागान् धागा मोजता आला पाहिजे. कुणी शहाणा फाइल दाबून 8 एमबीची 800 केबी करेल. करू द्या, पिक्सेल तेवढे कमी करू देऊ नका. पूर्ण मापात चित्र उलगडताना एका पिक्सेलला 4 बाइट लागतात, म्हणजे फाइल कितीही चेपली तरी एक फोटो मेमरीत 96 एमबी जागा अडवू शकतो. असे दहा. खातेदाराचा जुना फोन तापला तर थंडीचे दिवस आहेत म्हणावं. एकाच फोटोच्या तीन-चार मापांच्या प्रती करून, ब्राउझरने पडद्याला साजेशी निवडावी म्हणून ‘एसआरसीसेट’मध्ये मांडणं, वेबपी या हलक्या चित्रप्रकारात बदलणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. वेबपी 2010 पासून आहे. इतकी वर्षं अडलं का काही?

आता लेझी लोडिंग. पडद्याबाहेरची चित्रं लागतील तेव्हाच आणायची, ही मूळ कल्पना. 2019 पासून क्रोममध्ये त्यासाठी इमेज टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या चित्र मागवणाऱ्या ओळीत, एक शब्द लिहिला की भागतं. तो शब्द तुम्ही नेमका पहिल्या फोटोला लावा. जो फोटो पान उघडताच दिसायला हवा, तो मागवण्याआधी ब्राउझर मग पानाची मांडणी ठरेपर्यंत थांबतो. उरलेले नऊ मात्र एकदम धावत सुटू देत.

याहून पक्का उपाय हवा असेल तर इमेज टॅगच नको. फोटो पार्श्वभूमी म्हणून टाका, तोही पानात मागाहून चालणाऱ्या जावास्क्रिप्टकडून. ब्राउझरचा एक टेहळ्या एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, वाचत पुढे पळतो आणि दिसेल ते चित्र आधीच मागवून ठेवतो. त्याच्या हाती काही लागता कामा नये. पहिल्या चित्राला ‘फेचप्रायॉरिटी’ लावून रांगेत पुढे काढता येतं म्हणे, पण सहकारात वशिला चालत नाही, हे तुम्ही जाणताच.

फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहू नका, जागाही राखू नका. खातेदार ‘व्याजदर’वर बोट टेकवायला जातो, तेवढ्यात वर फोटो उतरतो, पान खाली सरकतं आणि बोट पडतं ‘अध्यक्षांचे मनोगत’वर. मनोगत उघडलं जाण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

गूगलच्या मते पानावरचा सगळ्यात मोठा ऐवज अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. आपली वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच ठिकाणी सुरू होते. सभासदांना सवय आहे. तरी कुरकुर झालीच, तर मध्यभागी बोधचिन्ह गरगर फिरवा. तेही जिफमध्ये, चांगलं जड. दहावा फोटो उतरल्याशिवाय ते हटवायचं नाही.

चाचणी संस्थेच्या कार्यालयातच घ्या, वायफायवर आणि ज्या लॅपटॉपवर साइट बनवली त्याच लॅपटॉपवर. फोटो कॅशेत, म्हणजे त्या लॅपटॉपच्याच साठ्यात, आयते बसलेले असतात. अध्यक्ष म्हणतील, “झटकन उघडते की हो!” लगेच बिल पुढे सरकवा.