चूक झाली तर तोंडाने सांगा ना, पाच दिवस गप्प कसले बसता

डोकं असं सणकलंय ना आज की हे लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही. ३६ विहिरी. ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४४-४५ डिग्रीत, जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात तीन दिवस फिरून माझ्या पीएचडीसाठी पाणी गोळा केलं, खताचं नायट्रेट त्यात किती उतरलंय ते मोजायला, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून, बर्फ वितळला की फैजपूरला रसवंतीवाल्याकडून परत घेऊन, आणि ते सगळं पाणी आमच्याच लॅबच्या ग्रुपातल्या एकाने वाया घालवलं. वाया घालवलं ते एक वेळ सहन केलं असतं. पण त्याला माहीत होतं आणि तो पाच दिवस बोललाच नाही, ते मला सहन होत नाहीये.

काय झालं ते नीट सांगते, कारण लॅबच्या बाहेरच्या माणसाला वाटेल बाटलीभर पाण्यावरून ही एवढी का पेटलीय. प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या. लाल टेपची धातूंसाठी, म्हणजे लोह, मँगनीज, शिसं वगैरे, त्यात नायट्रिक अॅसिड टाकून पीएच २ च्या खाली न्यायचा, म्हणजे पाणी एकदम आम्लधर्मी करायचं. हिरव्या टेपची नायट्रेटसाठी, त्यात सल्फ्युरिक टाकायचं. असं केलं की पाण्यातले जंतू नायट्रेट खात नाहीत आणि नमुना थंड ठेवला तर महिनाभर जवळपास टिकतो. आता नायट्रेट मोजायच्या बाटलीत नायट्रिक का टाकायचं नाही हे एमएस्सीच्या पोरालाही सांगावं लागत नाही, नावातच आहे. नायट्रिक अॅसिड म्हणजेच नायट्रेट. भाजीत वरून मीठ ओतून मग तिच्यात आधी किती मीठ होतं ते मोजायला बसल्यासारखं आहे ते.

तर मी पहाटे ५ ला निघायचे, रात्री ८ ला परत यायचे, म्हणून तिन्ही दिवस संध्याकाळी अॅसिड टाकायचं काम एका सहकाऱ्याला दिलं होतं. नुसतं तोंडी नाही, फ्यूमहूडच्या, म्हणजे अॅसिडची वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेवर मार्करने लिहून दिलं होतं, लाल म्हणजे नायट्रिक, हिरवा म्हणजे सल्फ्युरिक. सल्फ्युरिकची नवीकोरी सीलबंद बाटली स्टोअरमधून सही करून काढून त्याच्यासमोर ठेवली होती. त्याने काय केलं, तर एका हातात फोन, एका हातात ड्रॉपर, आणि ७२ च्या ७२ बाटल्यांत नायट्रिक. माझ्या तीन फील्ड ब्लँक बाटल्या होत्या, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या, त्यातसुद्धा.

मला कळलं कसं? चौथ्या दिवशी पोटॅशियम नायट्रेटचे स्टँडर्ड, म्हणजे ज्यात नायट्रेट किती ते आधीच माहीत असतं असे द्राव, बनवले, त्यांच्यावर मशीन जुळवून घेतलं, कॅलिब्रेशन एकदम सरळ रेषेत आलं, जीवात जीव आला. मग पहिला नमुना क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक डबीत, भरून मशीनमध्ये २२० नॅनोमीटरच्या प्रकाशाला लावला (नायट्रेट हा प्रकाश शोषतं) तर रीडिंग स्केलच्या बाहेर. म्हटलं डायल्यूशन चुकलं असेल. १० पट पातळ केलं, तरी बाहेर. ५० पट केलं. दुसरा नमुना, तिसरा, तेच. तेव्हा मी काय केलं असेल? स्वतःवर शंका घेतली! पोटॅशियम नायट्रेट परत ओव्हनमध्ये सुकवलं, त्यात एक दिवस गेला. स्टँडर्ड परत केले. क्युव्हेट परत परत धुतले, २७५ नॅनोमीटरला परत तपासलं, दिवा बदलायला झालाय का ते बघितलं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बदलला. रात्री १०-१० वाजेपर्यंत लॅबमध्ये एकटी. आणि तो माझ्या मागच्याच टेबलावर बसून ईडीटीएची टायट्रेशन, म्हणजे पाण्याचा कठीणपणा मोजायचं काम, करत होता, दोनदा मला म्हणाला पण की "ताई, चहाला चल ना भो, किती टेन्शन घेते."

मंगळवारी व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, सरळ शब्दांत, की हिरव्या टेपच्या बाटल्यांमध्ये काही वेगळं पडलं असेल तर कोणीही सांगा, मी रागावणार नाही, फक्त मला आज कळायला पाहिजे. नऊ जणांचा ग्रुप. सगळ्यांनी वाचलं, निळ्या टिका दिसतात ना. त्याने अंगठा टाकला. अंगठा! म्हणजे काय त्याचा अर्थ, मी आजपर्यंत विचार करतेय.

शेवटी मी फील्ड ब्लँक लावला. फील्ड ब्लँक म्हणजे शेतावर नेऊन आणलेलं नुसतं डिस्टिल्ड वॉटर, त्यात नायट्रेट असायलाच नको. तोही स्केलच्या बाहेर. तेव्हा उठून फ्यूमहूड उघडला आणि बघते तर सल्फ्युरिकच्या बाटलीचं सील जसंच्या तसं. कोणी हातच लावला नव्हता त्या बाटलीला. मी खालीच बसले तिथे.

आणि मग याला विचारलं तर खाली मान घालून म्हणतो, "मला शेवटच्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण वाटलं एवढं चालून जातं." अरे काय चालून जातं? हिशोब सांगते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत अर्धा मिलिलिटर तीव्र नायट्रिक टाकलं की दर लिटरला जवळपास २००० मिलिग्रॅम नायट्रेट झालं, नुसतं त्या अॅसिडचंच. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे चालतं किती, तर ४५. मला विहिरीतलं ३०-४०-८० असं काहीतरी शोधायचं होतं, ते २००० च्या खाली गाडलं गेलं.

आता यावर आमच्या ग्रुपातल्या एका सिनियरने सल्ला दिला, "ब्लँक वजा करून टाक ना." मला त्याचाही संताप आला. ड्रॉपरने टाकलंय, फोनवर बोलत बोलत. एक थेंब कमी-जास्त म्हणजे लिटरला दीडशे-दोनशेचा फरक. कुठल्या बाटलीत ९ थेंब, कुठल्या बाटलीत १२, कोणी मोजलंय? काय वजा करू? दुसरा तर त्याच्याही पुढे गेला, दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाला, मागच्या वर्षीच्या व्हॅल्यूच्या आसपास टाकून दे, कोण बघायला येणार आहे. तू पीएचडी झालेला माणूस आहेस रे. तुझ्या पेपरमधले आकडे पण असेच आलेत का, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला होता, मी गिळला, आणि गिळला याचाही आता राग येतोय.

माझे गाइड सर म्हणाले, होतं असं, ग्रुप आहे, सांभाळून घ्यायचं, पावसाळ्यानंतरचे नमुने नीट घे. सर चांगले आहेत, पण सर, पावसाळ्यानंतरचे नीट घेऊन करू काय? माझा अख्खा चॅप्टर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असा आहे. केळीला ड्रिपमधून वर्षभर युरिया जातो, पाऊस पडला की जमिनीत साठलेलं नायट्रेट खाली पाण्यात उतरतं, कुठे पावसाच्या पाण्याने पातळ होतं, कुठे उलट वाढतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या जमिनीत, ते वेगळं, खाली तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वेगळं. हाच तर माझा प्रश्न होता. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचा कशाला लावून बघू?

आणि इथेच ते पाच दिवस येतात. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं असतं ना, "ताई, माझ्याकडून चुकलं," तर मी त्याला दोन शब्द बोलले असते, रडलेही असते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघाले असते. तीन दिवसांत ३६ विहिरी परत झाल्या असत्या. पैसे गेले असते, गाडीचं डिझेल मी खिशातून भरलंय, फेलोशिप चार महिन्यांपासून आलेली नाही, पण घरून मागून परत गेले असते. त्या पाच दिवसांत काय झालं, तर तिकडे वादळ आलं. दुपारी ४ ला आभाळ काळं झालं आणि तासभर असा पाऊस झोडपला की उभ्या केळीबागा आडव्या झाल्या, आणि नंतर दोन दिवस पडतच राह्यला. संपलं. पावसाळ्याआधीचा नमुना आता पुढच्या मे महिन्यात. एक वर्ष. माझं रजिस्ट्रेशन संपायला किती राहिलंय हे त्याला माहीत आहे, त्याने स्वतः माझा फॉर्म भरून दिला होता.

चूक सगळ्यांकडून होते, मी पण पहिल्या वर्षी पीएचचा इलेक्ट्रोड सुट्टीत कोरडा ठेवून मारला होता, त्याच दिवशी सरांना जाऊन सांगितलं, शिव्या खाल्ल्या, विषय संपला. पण आमच्याकडे न सांगायचीच सवय झालीय सगळ्यांना. क्युव्हेटला चरा पडला की तो कोणी पाडला ते कळत नाही. फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावाची तीव्रता बदलली तर बाटलीवर तारीख नसते, मग त्यावर ज्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा आकडा, चुकतो तो दोन दिवस स्वतःला कोसत बसतो. फ्रिजमध्ये आत्ता, या क्षणाला, लेबल नसलेल्या ११ बाटल्या आहेत, मी मोजल्यात. कोणाच्या, कशाच्या, कधीच्या, विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. आणि ग्लासवेअर धुवायची वेळ आली की ताई आणि दुसरी एक ज्युनियर पोरगी, आम्ही दोघीच, "तुमच्यासारखं स्वच्छ आमच्याकडून होत नाही" म्हणून मुलं मोकळी. होत नाही म्हणजे? बीकर तीनदा विसळायचा असतो फक्त! पाण्यातलं फॉस्फेट मोजणाऱ्याने फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेली बाटली वापरली तर त्याचं रीडिंग चुकेल हे तुम्हाला परीक्षेत लिहिता येतं ना, मग सिंकवर का आठवत नाही?

सगळ्यात जास्त त्रास मला कशाचा होतोय सांगू का, थिसिसचा नाही. सावद्याच्या पुढे एका शेतावर एक आप्पा आहेत. त्यांच्या विहिरीचं पाणी घेतलं तेव्हा भर दुपारी त्यांनी मला सावलीत बसवलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, आणि म्हणाले, "बाई, आमची नात चार महिन्याची आहे, तिच्या आईला दूध पुरत नाही, डब्यातली पावडर याच पाण्यात कालवतो आम्ही, उकळून घेतो, चालेल ना?" मी त्यांना सांगितलं की आप्पा, उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट थोडं वाढतंच, आणि एवढ्या लहान बाळाला ते जास्त झालं तर रक्त ऑक्सिजन नीट नेत नाही, अंग निळं पडू शकतं. म्हणून तोवर बाळासाठी दुसरं पाणी वापरा, मी आठ दिवसांत आकडा सांगते. आठ दिवसांत. मी शब्द दिला होता. त्यांचे तीन फोन येऊन गेले. तिसऱ्या वेळी वादळात त्यांची अर्धी बाग गेलेली होती, तरी पहिला प्रश्न तोच, "आला का बाई तो रिपोर्ट?" मी काय सांगू त्यांना, आमच्यातल्या एकाने बाटलीवरचा टेप बघितला नाही?

हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं आज, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "मला नव्हतं माहीत की त्यात बाळाचं पण पाणी आहे." म्हणजे बाळाचं नसतं तर चाललं असतं? ३५ विहिरींवर बाकीचे पितात तेही पाणीच आहे ना? मी तिथून उठून आले, नाहीतर हातातला फ्लास्क फुटला असता.

उद्या पहाटेच्या एसटीने सावद्याला चाललेय. थिसिसमध्ये तो आकडा बसणार नाही, पाऊस पडून गेलाय, मला माहीत आहे. आप्पांच्या विहिरीची एकच बाटली आणायची, हिरव्या टेपची, अॅसिड न टाकता बर्फात, आणि आली की तशीच मशीनला लावायची, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कोणाच्या हातात द्यायची नाही. स्टँडर्ड आत्ताच बनवून ठेवलेत. संध्याकाळी ७ च्या आत त्यांना फोन करणार आहे.